हजार रोपांतलं एक

दाढीवाल्या आयरिसचं एक फूल दोन दिवस धड राहतं. तिसऱ्या दिवशी ते भिजलेल्या टिपकागदासारखं स्वतःतच गोळा होतं. चित्रकाराला ते रंगवायचं असेल तर हातात तेवढाच वेळ. आणि त्याच्यापासून नवी जात काढायची असेल तर याहून कमी, कारण मग ते उमलत असतानाच सकाळी फाडावं लागतं. एकच फूल दोन्ही कामांना पुरत नाही. सेड्रिक मॉरिस यांनी जवळजवळ तीस वर्षं ही दोन्ही कामं एकाच बागेत, एकाच मोसमात केली. शिवाय घरात चित्रकलेची शाळा चालवली, तिचे विद्यार्थी त्याच बागेत चित्रफळ्या लावून बसलेले असायचे.

इंग्लंडच्या पूर्वेला सफक परगण्यात हॅडली नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या कडेला सोळाव्या शतकातलं एक ऐसपैस, जरा वेडंवाकडं घर आहे, बेंटन एंड. आयरिसच्या शौकिनांना हे नाव पाठ असतं, कारण मॉरिस यांच्या बहुतेक जातींच्या नावापुढे ते आडनावासारखं लागलेलं आहे: बेंटन कॉर्डेलिया, बेंटन नायजेल, बेंटन सुझन, बेंटन फेअरवेल.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १८८९ चा, वेल्समधल्या स्वान्सीजवळचा. वडील ओतकामाच्या कारखानदारीतले, आणि वेल्सकडून रग्बी खेळलेले. पोराने मात्र आधी कॅनडात शेतमजुरी करून पाहिली, मग लंडनला गाणं शिकून पाहिलं, मग पॅरिसला चित्रकला. पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी घोडे तयार करायच्या कामावर होते, तिथे आल्फ्रेड मनिंग्ज नावाचा घोड्यांची चित्रं काढणारा चित्रकारही होता. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल. १९१८ च्या नोव्हेंबरात, युद्ध थांबल्याच्या रात्री, त्यांची आर्थर लेट-हेन्सशी गाठ पडली. दोघं जन्मभर एकत्र राहिले, भांडत आणि सांभाळत. पुरुषांमधलं असं नातं इंग्लंडात १९६७ पर्यंत गुन्हा होतं, हे लक्षात घेतलं की त्या घराच्या मोकळेपणाची किंमत कळते. कॉर्नवॉल, पॅरिस, लंडन असे मुक्काम करत १९२९ च्या सुमाराला ते दोघं शहर सोडून सफकमध्ये आले. लंडनमध्ये चित्रं बरी खपत होती. पण बाग नव्हती.

मॉरिस चित्र काढायचे ती रीत शिकवून येणारी नव्हे, पण समजून घेण्यासारखी आहे. कॅनव्हासवर आधी पेन्सिलीचं किंवा कोळशाचं रेखाटन नाही. पातळ रंगाचा अस्तर-थर नाही. डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात, आणि तिथून खाली, उजवीकडे सरकत जायचं, विणकाम पुढे सरकावं तसं. जिथे हात पोचला तिथवर चित्र पुरं झालेलं, पलीकडे कोरा कॅनव्हास. पार्श्वभूमी आणि पाकळी एकाच बैठकीत एकमेकींना भिडायची.

असं करायचं तर दोन गोष्टी आधीच पक्क्या असाव्या लागतात. एक, सगळी मांडणी डोक्यात तयार हवी. वरच्या कोपऱ्यातल्या जांभळ्या फुलाचा रंग ठरवताना खालच्या कोपऱ्यातल्या पिवळ्याचा अंदाज असावा लागतो, नाहीतर शेवटी पोचल्यावर तो पिवळा ओरडायला लागतो आणि मग माघार नाही. दुसरी, रंग जाड, जवळजवळ नळीतून आला तसा घट्ट, आणि एका फटकाऱ्यात बसला पाहिजे. ओल्या तैलरंगावर दुसऱ्यांदा कुंचला फिरवला की खालचा रंग वर येतो आणि दोन्ही मिळून गढूळ होतात. आयरिसच्या राखी-जांभळ्या छटा तर इतक्या हळव्या की दुसऱ्या हाताला चिखलच. मॉरिस यांच्या चित्रांत कुंचल्याच्या रेघा पाकळीच्या शिरांच्या दिशेने धावतात, त्यामुळे जवळून पाहिलं तर रंगाचा उंचवटा हाताला लागेल असा दिसतो. टेट संग्रहालयात त्यांचं १९४३ चं ‘आयरिस सीडलिंग्ज’ आहे. नावाप्रमाणेच त्यात बियांपासून वाढवलेली, अजून नाव न मिळालेली फुलं आहेत. बागाईतदाराची नोंदवही आणि चित्रकाराचा कॅनव्हास एकच झालेला क्वचित पाहायला मिळतो, तो इथे आहे.

शाळा १९३७ मध्ये सुरू झाली, आधी डेडम या गावी. नाव भारदस्त होतं, ईस्ट अँग्लियन स्कूल ऑफ पेंटिंग अँड ड्रॉइंग. आत भारदस्त काही नव्हतं. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, वयाची अट नाही. १९३९ च्या जुलैत एका रात्री शाळेची इमारत जळून खाक झाली. पुढे जगभर नावाजलेला चित्रकार लुशन फ्रॉइड तेव्हा सोळा वर्षांचा विद्यार्थी होता, आणि आग त्याच्या सिगारेटमुळे लागली असं पुढे अनेक वर्षं बोललं गेलं. मनिंग्ज डेडमलाच राहत. नव्या चित्रकलेचा त्यांना मनापासून तिटकारा, आणि त्या राखेभोवती त्यांनी मोटारीतून आनंदाने चकरा मारल्या असं सांगतात. पुढच्या वर्षी शाळा बेंटन एंडला आली.

मॉरिस शिकवायचे म्हणजे काय करायचे? विद्यार्थ्याच्या कॅनव्हासला ते सहसा हात लावत नसत. तंत्राचे धडे नव्हते. बागेत किंवा खोलीत जो तो आपापलं काम करी, मॉरिस फिरताफिरता येत, पाहत, एखादं वाक्य बोलत आणि कुदळ घेऊन पुढे जात. चित्राची बौद्धिक चिरफाड लेट-हेन्सकडे. स्वयंपाकही त्यांच्याकडे, आणि युद्धाच्या काळातल्या, शिधापत्रिकेवर चालणाऱ्या इंग्लंडात लसूण आणि वाइन घालून रांधणारं ते घर म्हणजे नवलच. लांबलचक टेबलावर विद्यार्थी, पाहुणे, शेजारी एकत्र जेवत. मॅगी हॅम्ब्लिंग या आज नावाजलेल्या चित्रकार पंधरा वर्षांच्या असताना आपली चित्रं काखोटीला मारून तिथे गेल्या आणि पुढे त्याच स्वयंपाकघरात मदतीला राहिल्या. कामालाच आपला जिवलग मित्र कर, हा लेट-हेन्स यांचा सल्ला त्या अजून सांगतात.

फ्रॉइडचं नाव घेऊन या शाळेची थोरवी सांगायची पद्धत आहे. ते खरंही आहे. चेहऱ्याच्या एका जागेपासून सुरू करून तिथून बाहेर पसरत जायची त्याची रीत मॉरिसकडे पाहूनच आली असावी, आणि मॉरिस यांनी १९४१ मध्ये काढलेलं त्याचं चित्रही टेटमध्ये आहे. पण या शाळेची खरी विद्यार्थिनी माझ्या मते लूसी हारवूड. तिला पियानोवादक व्हायचं होतं. एका शस्त्रक्रियेनंतर उजवी बाजू अधू झाली. ती डाव्या हाताने चित्रं काढू लागली, चाळिशी उलटल्यावर या शाळेत आली, आणि मग तिथून जवळच घर करून आयुष्यभर येत राहिली. तिचे रंग भडक, रेघ थरथरती, चित्रं जिवंत. दुसऱ्या कुठल्याही कलाशाळेने तिची रेघ सरळ करायचा प्रयत्न केला असता.

हे सांगायचं कारण असं की वाफ्यात हाच मॉरिस अगदी उलट वागायचा. दरवर्षी साधारण हजार नवी आयरिसची रोपं तो बियांपासून वाढवी. आणि सगळ्या आयुष्यात नाव देण्याच्या लायकीची ठरवली ती सुमारे नव्वद.

संकर करायची कृती ऐकायला सोपी आहे. आयरिसच्या फुलाला तीन पाकळ्या वर कमानीसारख्या उभ्या आणि तीन खाली जिभेसारख्या लोंबत्या असतात. लोंबत्या पाकळीच्या मधोमध केसाळ पट्टा, तीच दाढी. ती मधमाशीला आत जायची वाट दाखवते. त्या पट्ट्याच्या वर पाकळीसारखीच दिसणारी तिसरी एक रचना असते, तिच्या पोटाशी पुंकेसर दडलेला आणि टोकाजवळ खालच्या बाजूला एक बारीक ओठ. तो ओठ म्हणजे कुक्षी, पराग तिथेच लागायला हवेत. फूल पुरतं उघडायच्या आत, सकाळी, तिन्ही लोंबत्या पाकळ्या खुडायच्या म्हणजे मधमाशीला उतरायला जागाच राहत नाही. मग त्याच फुलाचे तिन्ही पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे. ज्याला बाप करायचं त्या फुलाचा पुंकेसर आणायचा आणि त्या ओठावर हलकेच घासायचा. तिन्ही ओठांवर. लगेच दांड्याला चिठ्ठी बांधायची: आई कोण, बाप कोण, तारीख. आईचं नाव आधी. चिठ्ठी संध्याकाळी बांधू म्हटलं की संकर वाया गेला असं समजावं.

चुकतं कुठे? पराग ओले असतील तर चिकटत नाहीत. पुंकेसर फुटून भुकटी मोकळी झालेली असली पाहिजे, म्हणून पावसाळी सकाळ निरुपयोगी. ओठ अजून आत वळलेला असेल तर तो तयार नाही. पुष्कळ संकर काही न कळता गळून जातात. साधलं असेल तर आठवड्याभरात फुलाखालचा भाग फुगायला लागतो आणि आठ-दहा आठवड्यांत बोंड पिकतं. ते तपकिरी होऊन टोकाशी तडकायला लागलं की त्याच दिवशी काढायचं. आत वाटाण्याएवढ्या, सुरकुतलेल्या बिया. शरद ऋतूत कुंडीत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल पेरून कुंडी उघड्यावरच ठेवायची, कारण थंडी खाल्ल्याशिवाय बी जागं होत नाही. वसंतात काही उगवतात, काही आणखी एक वर्ष झोपून काढतात, म्हणून कुंडी घाईने उपडी करायची नाही. रोपं उन्हाळ्यात वाफ्यात वीस-पंचवीस सेंटिमीटरवर लावली की संकरापासून दोन ते तीन वर्षांनी पहिलं फूल. तोवर पानांकडे पाहून आतल्या रंगाचा काही पत्ता लागत नाही.

पण हजार कशाला? मॉरिस यांचा जीव विशेषकरून प्लिकाटा प्रकारावर होता. फिक्या पाकळीच्या कडेने जांभळ्या दोऱ्याचे टाके घातल्यासारखी नक्षी असते ती. हा गुण दबका आहे, दोन्हीकडून आला तरच दिसतो. वाटाण्यात असा गुण पोटात वागवणाऱ्या दोन झाडांचा संकर केला तर चारांत एका रोपात तो वर येतो. बागेतल्या उंच आयरिसमध्ये मात्र गुणसूत्रांचे दोन नव्हे, चार संच असतात, एकूण ४८. दबका गुण दिसायचा तर चारही ठिकाणी तोच लागतो. दोघा आईबापांत तो निम्मा असेल तर छत्तिसांत एक रोप. आणि एवढं करून टाके मिळाले तरी दांडा वाकडा निघेल, फुलं एकमेकांना चिकटून येतील, रंग मातकट असेल. हजाराचा आकडा हौसेचा नव्हता, तो हिशेब होता.

निवडताना ते चित्रकाराच्या डोळ्याने निवडत, एवढं म्हणून भागत नाही. दांडा सडपातळ हवा पण आधाराची काठी न लागता उभा राहणारा. कळ्या दांड्यावर अंतराने, एकेका फुलाला हवा मिळेल अशा. पाकळी साधी. आज बाजारात मिळणारे आयरिस झालरीवर झालर लावलेले, कोबीएवढे असतात, पाऊस पडला की पाणी धरतात आणि दांड्यासकट आडवे होतात. बेंटनचं फूल पाऊस झटकून उभं राहतं. रंगही चटकन नाव न सांगता येणारे: पितळी छटेचा जांभळा, दुधात राख मिसळल्यासारखा, कच्च्या मधासारखा. इंग्लंडात गुलाबी आयरिस आणणाऱ्या पहिल्यांपैकी ते होते. ‘बेंटन कॉर्डेलिया’ला १९५५ मध्ये ब्रिटनमधलं डाइक्स पदक मिळालं, आयरिसच्या दुनियेत त्याहून मोठा मान नाही. नावं ठेवताना मात्र भारदस्तपणा सोडलेला. ‘मेनेस’ हे घरातल्या मांजराचं नाव, ‘रुबिओ’ हे पाळलेल्या मकाव पोपटाचं.

आपल्याकडे महाराष्ट्रात हा आयरिस लावून उपयोग नाही. पानं येतील, फूल यायला लागणारी कडक थंडी नाही. एप्रिलमध्ये काश्मीरला जाणाऱ्यांनी कबरस्तानांत निळ्या-पांढऱ्या आयरिसचे ताटवे पाहिले असतील, ते याच गोतावळ्यातले.

पॉपीच्या बाबतीत मॉरिस यांची युक्ती उलटी होती. तिथे संकर करायचा नाही, मधमाशीच्या आधी उठायचं. शेताच्या बांधावरची साधी तांबडी पॉपी घेऊन त्यातली राखी, फिकट जांभळी, धुरकट गुलाबी झाडं राखायची आणि तांबडं फूल दिसलं की ते झाड मुळासकट उपटायचं. हे सकाळीच व्हावं लागतं. एका मधमाशीने तांबड्याचे पराग राखी फुलावर नेले की पुढच्या पिढीत तांबडा पुन्हा डोकं काढतो, कारण तो जबरा गुण आहे. आणि पॉपीचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एका वर्षाचा आळस पुढची कित्येक वर्षं उगवत राहतो. आज ‘मदर ऑफ पर्ल’ नावाने जे बियाणं मिळतं ते या निवडीतून आलेलं. लावणाऱ्याने तांबडी झाडं उपटली नाहीत तर चार-पाच वर्षांत त्याच्या वाफ्यात पुन्हा बांधावरची पॉपी.

ते रोपं, बिया, फुटवे हातचं न राखता वाटत. १९५० च्या सुमाराला बेथ चॅटो ही तरुण गृहिणी बेंटन एंडला आली आणि जाताना टोपलीभर कलमं घेऊन गेली, पुन्हा पुन्हा. १९६७ मध्ये तिने एसेक्समध्ये रोपवाटिका काढली आणि मूळ जंगली रूपातली झाडं इंग्लंडभर पोचवली. डिसेंबरात, नाताळच्या आगेमागे फुलणारा वीतभर उंचीचा एक पिवळा नार्सिसस आज ‘सेड्रिक मॉरिस’ याच नावाने ओळखला जातो, तोही तिच्यामुळेच टिकला. बाजारू बागांना भडक, मोठं, एकसारखं हवं होतं त्या काळात लहानसहान, मूळ रूपातल्या फुलाला बागेत मानाची जागा द्यायची ही दृष्टी बेंटन एंडहून निघाली.

१९६० च्या सुमाराचं त्यांचं एक चित्र मात्र फुलांचं नाही. ‘लँडस्केप ऑफ शेम’. सपाट शेत आणि त्यात पसरलेले मेलेले पक्षी. बियाण्याला लावलेल्या कीटकनाशकांनी सफकच्या शेतांत पाखरं मरून पडत होती. बागाईतदार असून त्यांनी ते काढलं, की बागाईतदार होते म्हणून काढलं, हे चित्रासमोर उभं राहिल्यावर वेगळं करता येत नाही.

लेट-हेन्स १९७८ मध्ये गेले. मॉरिस यांची दृष्टी तोवर अधू झाली होती, शेवटची काही वर्षं चित्र बंद. ८ फेब्रुवारी १९८२ रोजी, ९२ व्या वर्षी ते गेले. घर विकलं गेलं. मैत्रिणींनी, शिष्यांनी झाडं आपापल्या बागांत नेली, त्यामुळे ती वाचली, आणि त्यातच बरीचशी हरवलीही.

हरवणं कसं होतं ते आयरिसमध्ये पाहण्यासारखं आहे. नाव असलेली जात बियांपासून मिळत नाही, गड्डा फोडूनच मिळते. म्हणजे आज कुणाच्या बागेत खरा ‘बेंटन कॉर्डेलिया’ असेल तर ते मॉरिस यांच्या वाफ्यात पहिल्यांदा फुललेलं तेच झाड, तुकड्यातुकड्याने चालत आलेलं. पण फूल सरल्यावर दांडा कापला नाही तर बोंड धरतं, बी खाली पडतं, आईच्या गड्ड्यांतच रोप उगवतं. पानांत फरक नाही. ते जोमदार असलं तर चार वर्षांत आईला दाबून टाकतं आणि पाटीवरचं नाव स्वतःला लावून घेतं. सिसिंगहर्स्टच्या बागेच्या माजी मुख्य माळी सेरा कुक यांनी बेंटनच्या जाती शोधायला घेतल्या तेव्हा अडचण झाडं मिळण्याची थोडी आणि खोटी नावं लागलेल्या झाडांची जास्त होती. जुन्या रोपवाटिकांच्या सूचींतली वर्णनं समोर ठेवून, दाढीचा रंग, दांड्याची उंची, फुलाची वेळ जुळवत एकेक जात पक्की करावी लागली. २०१५ मध्ये चेल्सीच्या फुलांच्या प्रदर्शनात त्यांनी ती एकत्र मांडली. बेंटन एंडचं घर २०२१ मध्ये लंडनच्या गार्डन म्युझियमकडे आलं, आणि तिथली बाग पुन्हा उभी राहते आहे.

ज्यांच्याकडे थंडी आहे आणि एखादा बेंटन आहे त्यांच्यासाठी एवढं. फुलं सरली की दांडे बुडापासून मोडावेत. दर तीन-चार वर्षांनी, फुलोऱ्यानंतर सहा आठवड्यांनी, सगळं बेट उपसावं. गड्डे आल्यासारखे आडवे वाढलेले असतात. मधला जुना, पोकळ झालेला, पानं नसलेला भाग फेकून द्यावा, कडेचे कोवळे फुटवे पानांसकट तेवढे ठेवावेत. मऊ पडलेला, घाण वास येणारा भाग दिसला तर टणक पांढऱ्या गाभ्यापर्यंत कापावा आणि सुरी पुसून मगच पुढच्या गड्ड्याला लावावी. पानं पंधरा सेंटिमीटरवर कापावीत, नाहीतर वारा रोप हलवतो आणि मुळं धरत नाहीत. तीस-चाळीस सेंटिमीटर अंतर. मुळं मातीत, गड्ड्याची पाठ उन्हात. पुरला की फूल नाही. ताजं शेणखत तर मुळीच नको, पानं माजतात आणि गड्डा सडतो. नाव पेन्सिलीने लिहावं, शाई दोन उन्हाळ्यांत उडते. आणि कुठला गड्डा कुठे लावला ते वहीतही टिपून ठेवावं, कारण पाट्या पक्षी उपटतात, आणि मांजरंही.